कोंबडीच्या मांसप्रक्रियेचे यांत्रिकीकरण : तंत्र, स्वच्छता आणि रोजगार

भारतीय पशुसंवर्धनाचा विचार करताना दूध व अंडी यांच्या उत्पादनाची जितकी चर्चा होते, तितकी मांसप्रक्रियेची होत नाही. वस्तुतः २०२२-२३ या वर्षात देशात झालेल्या सुमारे ९७.७ लाख टन मांस उत्पादनात कुक्कुटमांसाचा वाटा निम्म्याहून अधिक, म्हणजे ५१ टक्क्यांच्या आसपास होता. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेनुसार देशातील कुक्कुटवर्गीय पक्ष्यांची संख्या ८५.१८ कोटी होती आणि २०१२ च्या तुलनेत ती १६.८ टक्क्यांनी वाढली होती. सुधारित जाती, संतुलित खाद्य, लसीकरण आणि करार पद्धतीचे संगोपन यांमुळे मांसल कोंबडी आज पाच ते सहा आठवड्यांत सुमारे दोन किलो वजनाची होते. उत्पादनाच्या बाबतीत हा व्यवसाय देशातील सर्वाधिक आधुनिक कृषिपूरक व्यवसायांपैकी एक ठरला आहे.

परंतु शेडमधून पक्षी बाहेर पडल्यापासून मांस स्वयंपाकघरात पोहोचेपर्यंतच्या काही तासांत मात्र चित्र पालटते. देशातील कोंबड्यांचा फार मोठा भाग आजही जिवंत विकला जातो आणि दुकानातच हाताने कापून साफ केला जातो. उत्पादन आधुनिक आणि प्रक्रिया पारंपरिक, अशी ही विसंगती आहे. ती दूर करण्यासाठी यंत्रे उपलब्ध आहेत. मग ती सर्वत्र का दिसत नाहीत? या प्रश्नाचे उत्तर तंत्रज्ञानात जितके आहे, तितकेच अर्थशास्त्रात, कायद्यात आणि ग्राहकाच्या सवयीत आहे. प्रस्तुत लेखात या सर्व बाजूंचा क्रमाने परामर्श घेतला आहे.

परंपरागत पद्धती : गुण आणि दोष

प्रचलित व्यवस्थेत व्यापारी शेडवरून पक्षी उचलतो, जाळीच्या पेट्यांत भरून ते शहरात आणतो आणि किरकोळ दुकानदारांना पुरवतो. ग्राहकासमोर पक्षी कापला जातो. अनेक दुकानांत पिसे उपटण्याऐवजी पिसांसह त्वचाच सोलून काढली जाते, कारण भारतीय ग्राहकांची पसंती बहुतांशी त्वचाविरहित मांसाला असते. त्यानंतर पोट फाडून आतडी हाताने काढली जातात व मांसाचे तुकडे केले जातात.

या पद्धतीला केवळ मागासलेली म्हणून बाजूस सारणे योग्य होणार नाही. तिला शीतसाखळीची गरज नसते. भांडवल अल्प लागते. मागणीनुसार पक्षी कापला जात असल्याने मांस शिल्लक राहून नासण्याचा धोका कमी असतो. आणि पक्षी निरोगी आहे किंवा नाही, हे ग्राहकाला स्वतः पाहता येते. वीजपुरवठा अनिश्चित असलेल्या गावांत हे गुण दुर्लक्षणीय नाहीत.

दोषही तितकेच स्पष्ट आहेत. एकच सुरी, एकच लाकडी ठोकळा व एकाच बादलीतील पाणी अनेक पक्ष्यांसाठी वापरले गेल्यास एका पक्ष्याच्या आतड्यांतील जंतू दुसऱ्याच्या मांसावर पोहोचतात. साल्मोनेला व कॅम्पिलोबॅक्टर हे जंतू पक्ष्याच्या आतड्यांत कोणतेही बाह्य लक्षण न दाखवता राहू शकतात. त्यामुळे डोळ्यांना निरोगी दिसणारा पक्षी स्वच्छ मांस देईलच, असे नाही. पशुवैद्यकीय तपासणी प्रत्येक दुकानात शक्य नसते. रक्त, पिसे व आतडी गटारात किंवा उकिरड्यावर जातात. शिवाय जिवंत पक्ष्यांची दूरवर वाहतूक झाल्याने रोगप्रसाराचा धोका वाढतो. फेब्रुवारी २००६ मध्ये महाराष्ट्रातील नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे बर्ड फ्लूचा देशातील पहिला उद्रेक नोंदविला गेला, तेव्हा जिवंत पक्ष्यांच्या बाजाराचा प्रश्न प्रथमच राष्ट्रीय पातळीवर ऐरणीवर आला.

यांत्रिकीकरणाची वाटचाल

विकसित देशांतही ही प्रक्रिया एका दिवसात यांत्रिक झाली नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत कोंबड्या बहुधा 'न्यूयॉर्क ड्रेस्ड' या नावाने विकल्या जात. म्हणजे त्यांचे रक्त व पिसे काढलेली असत. आतडी मात्र तशीच ठेवलेली असत आणि ती काढण्याचे काम दुकानदार किंवा गृहिणी करीत असे. पिसे काढण्यासाठी रबरी बोटे असलेली यंत्रे आल्यावर पहिला टप्पा सुकर झाला. १९५७ मध्ये अमेरिकेत कुक्कुट उत्पादन तपासणीचा कायदा झाला आणि आंतरराज्य व्यापारातील पक्ष्यांची तपासणी सक्तीची झाली. आतडी काढून पोकळी उघडल्याखेरीज आतील अवयवांची तपासणी होऊ शकत नाही. त्यामुळे कोठा साफ करण्याचे काम घरातून व दुकानातून कारखान्यात आले. पुढील काळात, विशेषतः नेदरलँड्समधील यंत्रनिर्मात्यांनी, हे काम मानवी हाताऐवजी यंत्राकडे सोपविले.

भारतात या बदलाला १९९० च्या दशकात वेग आला. १९९५ मध्ये बंगळुरू येथे केएफसी व १९९६ मध्ये दिल्ली येथे मॅकडोनाल्ड्स या उपाहारगृह साखळ्यांनी प्रवेश केला. ठरावीक वजनाचा, ठरावीक आकाराचा व प्रमाणित स्वच्छतेचा मांसाचा तुकडा ही त्यांची गरज होती आणि ती जिवंत पक्ष्यांचा बाजार भागवू शकत नव्हता. त्याच सुमारास संगोपनापासून विक्रीपर्यंतची साखळी एका छत्राखाली आणणाऱ्या एकात्मिक कंपन्या विस्तारत होत्या. त्यांनी मोठी प्रक्रिया केंद्रे उभारली. तरीही एकूण व्यापारात प्रक्रिया केलेल्या मांसाचा वाटा मर्यादितच राहिला.

प्रक्रियेचे टप्पे

आधुनिक केंद्राची रचना समजून घेण्याचा सोपा मार्ग म्हणजे पक्ष्याच्या प्रवासाचा मागोवा घेणे. संपूर्ण केंद्र दोन भागांत विभागलेले असते. पहिल्या 'अस्वच्छ' भागात पक्षी स्वीकारणे, मारणे व पिसे काढणे ही कामे होतात. दुसऱ्या 'स्वच्छ' भागात कोठा काढणे, धुणे, थंड करणे व बांधणी ही कामे होतात. या दोन भागांमध्ये भिंत असते आणि कामगारांची ये-जा टाळली जाते.

१. पूर्वतयारी : कत्तलीपूर्वी साधारण ८ ते १२ तास पक्ष्यांना खाद्य दिले जात नाही, पाणी मात्र शक्य तितका वेळ दिले जाते. आतडी रिकामी राहावीत, हा याचा हेतू आहे. उपासाचा काळ फार कमी झाल्यास आतडी भरलेली राहतात व फुटल्यास मांस दूषित होते; फार लांबल्यास आतड्यांची भिंत कमकुवत होऊन ती सहज तुटतात. म्हणजेच यंत्राचे यश शेडमधील वेळापत्रकापासूनच ठरू लागते.

२. टांगणे, बेशुद्धी व रक्तस्राव : डोक्यावरून जाणाऱ्या वाहक साखळीला धातूचे आकडे असतात. त्यांत पक्षी पायांनी उलटा टांगला जातो. विद्युत प्रवाह असलेल्या पाण्यातून डोके जाताच पक्षी बेशुद्ध होतो. काही देशांत यासाठी वायूचा वापर केला जातो. त्यानंतर मानेच्या रक्तवाहिन्या कापल्या जातात. धार्मिक संकेतांमुळे अनेक केंद्रांत हा एक टप्पा हातानेच केला जातो आणि पुढील सर्व टप्पे यंत्राने होतात. रक्त निथळण्यासाठी साधारण दोन ते तीन मिनिटे दिली जातात.

३. गरम पाण्यात बुडवणे : पिसांची मुळे सैल करण्यासाठी पक्षी गरम पाण्याच्या टाकीतून नेला जातो. सौम्य पद्धतीत पाण्याचे तापमान साधारण ५१ ते ५४ अंश सेल्सियस व काळ सुमारे दोन मिनिटे असतो. कडक पद्धतीत तापमान ५८ ते ६० अंश व काळ सुमारे एक मिनिट असतो. सौम्य पद्धतीत त्वचेचा वरचा पिवळसर थर टिकतो. कडक पद्धतीत तो निघून जातो. तळण्यासाठी पिठाचे आवरण द्यावयाचे असल्यास ते अशा त्वचेवर अधिक चांगले चिकटते. तापमान मर्यादेबाहेर गेल्यास छातीचे मांस अर्धवट शिजल्यासारखे पांढुरके दिसते.

४. पिसे काढणे : फिरत्या चकत्यांवर बसविलेली रबरी बोटे पक्ष्याच्या अंगावर घासतात आणि पिसे निघून येतात. ही क्रिया गरम पाण्यातून बाहेर येताच व्हावी लागते, कारण त्वचा थंड झाली की पिसांची मुळे पुन्हा घट्ट धरली जातात. झिजलेली किंवा तडा गेलेली रबरी बोटे जंतूंचे आश्रयस्थान बनतात; त्यामुळे ती वेळच्या वेळी बदलणे आवश्यक असते.

यानंतर डोके व पाय वेगळे केले जातात आणि पक्षी दुसऱ्या साखळीवर चढवला जातो. येथून 'स्वच्छ' भागास प्रारंभ होतो.

कोठा काढणारे यंत्र

संपूर्ण प्रक्रियेतील सर्वांत नाजूक टप्पा हा आहे. आतडी न फोडता बाहेर काढणे, हे त्याचे एकमेव पण कठीण उद्दिष्ट असते.

या कामाची यंत्रे बहुधा चक्राकार असतात. मध्यवर्ती उभ्या अक्षाभोवती एकसारख्या हत्यारांचे अनेक संच बसविलेले असतात. साखळीवरून येणारा प्रत्येक पक्षी एका संचासमोर येतो आणि चक्राबरोबर फिरत असतानाच त्याच्यावर क्रिया पूर्ण होते. त्यामुळे साखळी थांबवावी लागत नाही. हत्यारांची वरखाली होणारी हालचाल मार्गदर्शक खाचांनी नियंत्रित केली जाते.

पहिले यंत्र गुदद्वाराभोवती छेद घेते. मधला दांडा गुदद्वारात शिरतो, निर्वाताने तो भाग धरून ठेवतो आणि भोवतालचे नळीच्या आकाराचे पाते गोल फिरून तो भाग मोकळा करते. आतड्याचे टोक अशा रीतीने बाहेर धरले गेल्याने विष्ठा मांसावर सांडत नाही. दुसरे यंत्र पोटाची त्वचा छातीच्या हाडाच्या टोकापर्यंत उघडते. तिसरे यंत्र हे मुख्य होय. त्याचा चमच्याच्या आकाराचा भाग पोकळीत उतरतो, छातीच्या हाडालगत सरकत मानेपर्यंत पोहोचतो आणि अन्ननलिकेपासून आतड्यांपर्यंतचा सर्व अवयवसमूह एकत्र बाहेर ओढून आणतो. प्रत्येक पक्ष्यानंतर हत्यारांवर पाण्याचा फवारा मारून ती धुतली जातात.

जुन्या रचनेत हा अवयवसमूह पक्ष्याच्या पाठीवर लोंबकळत राहत असे. नव्या रचनेत तो लगेच वेगळा करून शेजारच्या समांतर वाहकावर ठेवला जातो. दोन्ही वाहक एकाच गतीने चालत असल्याने कोणता अवयवसमूह कोणत्या पक्ष्याचा, हे तपासनिसाला अचूक समजते. आणि आतडी मांसाला चिकटून राहण्याचा काळही घटतो. यकृतावर डाग किंवा अन्य विकृती आढळल्यास संबंधित पक्षी बाजूला काढता येतो. तपासणीनंतर यकृत (बाजारातील 'कलेजी'), हृदय व गिझार्ड हे खाद्य अवयव वेगळे केले जातात. पुढील यंत्रे अन्नपिशवी, श्वासनलिका व फुप्फुसे काढतात आणि शेवटी पक्षी आतून-बाहेरून धुतला जातो.

या यंत्रांची एक मर्यादा ध्यानात ठेवावी. पक्षी पायांनी टांगलेला असल्याने हत्याराने किती खोल उतरावे, हे पक्ष्याच्या आकारावर अवलंबून असते. यंत्र ज्या आकारासाठी जुळवले आहे, त्यापेक्षा पक्षी बराच लहान किंवा मोठा असेल, तर आतडी तुटतात, यकृत फाटते किंवा अवयव आतच राहतात. एकाच वयाच्या व एकाच जातीच्या मांसल कोंबड्यांवर ही यंत्रे उत्तम चालतात; गावरान कोंबडी किंवा अंडी देऊन झालेली जुनी कोंबडी यांच्यासाठी ती तितकीशी उपयुक्त नाहीत. पशुगणनेतील एक बाब या संदर्भात अर्थपूर्ण ठरते : २०१२ ते २०१९ या काळात परसातील कुक्कुटपक्ष्यांची संख्या ४५.८ टक्क्यांनी वाढून ३१.७ कोटी झाली, तर व्यापारी पक्ष्यांची वाढ ४.५ टक्केच होती. परसबागेतील पक्ष्यांच्या या वाढत्या संख्येला मोठे स्वयंचलित यंत्र सामावून घेऊ शकत नाही.

थंड करणे व बांधणी

जिवंत पक्ष्याच्या शरीराची उष्णता मांसात टिकून राहिली, तर जंतूंची वाढ झपाट्याने होते. म्हणून मांसाचे तापमान ४ अंश सेल्सियस किंवा त्याखाली आणले जाते. पाण्याने थंड करण्याच्या पद्धतीत पक्षी बर्फाळ पाण्याच्या लांब टाकीतून पुढे ढकलले जातात. येथे पाणी पक्ष्यांच्या विरुद्ध दिशेने वाहते. सर्वांत स्वच्छ व थंड पाण्याची गाठ टाकीतून बाहेर पडणाऱ्या, म्हणजे सर्वांत स्वच्छ झालेल्या पक्ष्याशी पडते. हे प्रतिप्रवाहाचे तत्त्व गरम पाण्याच्या टाकीलाही लागू पडते. हवेने थंड करण्याच्या पद्धतीत पाणी कमी लागते व मांसात पाणी शोषले जात नाही. मात्र जागा व वीज अधिक लागते.

एका साखळीचे गणित

केंद्राचे आकारमान कसे ठरते, हे एका सोप्या उदाहरणाने स्पष्ट होईल. दोन आकड्यांमधील अंतर १५ सेंटिमीटर आहे आणि ताशी २,००० पक्षी हाताळावयाचे आहेत, असे समजू. साखळीला ताशी ३०० मीटर, म्हणजे मिनिटाला ५ मीटर वेग लागेल. रक्त निथळण्यासाठी अडीच मिनिटे द्यावयाची असल्यास त्या टप्प्यावर साखळीची लांबी १२.५ मीटर हवी. क्षमता ताशी ६,००० केली, तर हीच लांबी ३७.५ मीटर होते. जैविक क्रियेला लागणारा वेळ यंत्राच्या वेगाने कमी होत नाही. म्हणून वेग वाढला की इमारत लांबते आणि भांडवल वाढते.

आता पुरवठ्याकडे पाहू. ताशी २,००० पक्ष्यांची साखळी आठ तास चालल्यास रोज १६,००० पक्षी लागतील. वर्षातील ३०० दिवसांसाठी ४८ लाख. एका शेडमध्ये ५,००० पक्षी व वर्षाला सहा तुकड्या असे गृहीत धरल्यास एका शेडमधून ३०,००० पक्षी मिळतात. म्हणजे या मध्यम केंद्राला १६० शेडांचा नियमित पुरवठा हवा. तो न मिळता रोज ४,००० पक्षीच आले, तर यंत्र दिवसातून दोनच तास चालेल आणि भांडवलाचे व्याज मात्र पूर्ण भरावे लागेल. यंत्र महाग असण्यापेक्षा ते रिकामे राहणे अधिक महाग पडते, हा प्रक्रिया उद्योगाचा सर्वसाधारण नियम येथेही खरा ठरतो. करार शेती व यांत्रिक प्रक्रिया यांचा उदय हातात हात घालून का झाला, हेही या गणितावरून उमगते.

स्वच्छता यंत्राने आपोआप येते काय?

यांत्रिकीकरण म्हणजे स्वच्छता, असे समीकरण मांडले जाते. ते अर्धसत्य आहे. हाताच्या कामात एक चूक एका पक्ष्यापुरती राहते. यंत्रातील एक चूक मात्र हजारो पक्ष्यांपर्यंत पोहोचू शकते. चुकीचा जुळवलेला चमचा तासाभरात शेकडो पक्ष्यांची आतडी फोडू शकतो. गरम पाण्याची किंवा थंड पाण्याची सामाईक टाकी ताज्या पाण्याअभावी जंतूंचे वाटप करणारे केंद्र बनू शकते.

म्हणूनच यंत्राबरोबर 'हॅसप', म्हणजे धोका विश्लेषण व निर्णायक नियंत्रण बिंदू ही पद्धती येते. प्रक्रियेतील धोके आधीच ओळखणे, कोणत्या टप्प्यावर त्यांचे नियंत्रण अनिवार्य आहे ते ठरवणे, त्या टप्प्यासाठी मोजता येणारी मर्यादा निश्चित करणे, तिची नोंद ठेवणे व मर्यादा ओलांडल्यास काय करावयाचे ते आधीच ठरवणे, असे तिचे स्वरूप आहे. मांसावर विष्ठेचा डाग नसणे आणि ठरलेल्या वेळेत तापमान ४ अंशांपर्यंत उतरणे, ही अशा नियंत्रण बिंदूंची ठळक उदाहरणे होत. कोडेक्स आयोगाने २०११ मध्ये कोंबडीच्या मांसातील साल्मोनेला व कॅम्पिलोबॅक्टर यांच्या नियंत्रणासाठी मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली. त्यांत शेडपासून ग्राहकापर्यंतच्या संपूर्ण साखळीचा विचार केलेला आहे.

कायद्याची चौकट

भारतात या क्षेत्रावर अनेक कायद्यांचा अंमल आहे. १९७३ चा मांस खाद्य उत्पादने आदेश हा पूर्वीचा मुख्य आधार होता. अन्नसुरक्षा व मानके अधिनियम, २००६ आणि त्याखालील २०११ ची विनियमने यांनी त्याची जागा घेतली. या विनियमनांनुसार दिवसाला ५० पर्यंत पक्षी कापणाऱ्या व्यावसायिकाने नोंदणी करावयाची असते. त्याहून अधिक क्षमतेसाठी राज्याचा परवाना आणि १,००० किंवा त्याहून अधिक पक्ष्यांच्या क्षमतेसाठी केंद्रीय परवाना लागतो. विनियमनांच्या चौथ्या अनुसूचीत मांसव्यवसायासाठी स्वच्छतेचे स्वतंत्र नियम दिलेले आहेत. पक्ष्याची कत्तलीपूर्वी व कत्तलीनंतर तपासणी हा त्यांचा महत्त्वाचा भाग आहे.

प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा अधिनियम व त्याखालील २००१ चे कत्तलखाना नियम, जलप्रदूषण प्रतिबंधाचा १९७४ चा अधिनियम हेही येथे लागू होतात. ७४ व्या घटनादुरुस्तीने (१९९२) जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत कत्तलखान्यांचे नियमन हा विषय नागरी स्थानिक संस्थांच्या कार्यकक्षेत दिलेला आहे. नियम केंद्राचे, परवाना राज्याचा किंवा केंद्राचा आणि जागा व गटार नगरपालिकेचे, अशी ही विभागणी आहे. अंमलबजावणीतील अनेक अडचणींचे मूळ या समन्वयाच्या अभावात आढळते.

पाणी आणि टाकाऊ पदार्थ

वर घेतलेल्या १६,००० पक्ष्यांच्या उदाहरणात रोजचे जिवंत वजन ३२ टन होते. त्यातील २५ ते ३० टक्के भाग रक्त, पिसे, आतडी, डोके व पाय या रूपाने बाजूला पडतो, असे धरल्यास रोज ८ ते ९.६ टन टाकाऊ पदार्थ निर्माण होतात. पाण्याचा वापर यंत्ररचनेनुसार बदलतो. प्रति पक्षी २० लिटर धरले, तरी रोज ३ लाख २० हजार लिटर सांडपाणी होते आणि त्यात रक्त व चरबीचे प्रमाण मोठे असते.

एकत्रित स्वरूपामुळे ही समस्या अवघड दिसते. पण तेच तिचे बलस्थानही आहे. शंभर दुकानांतून गटारात जाणारे रक्त गोळा करता येत नाही, एका केंद्रातील येते. उष्णतेची प्रक्रिया करून पिसे व अन्य अवशेष यांपासून प्रथिनयुक्त भुकटी व चरबी मिळवता येते, तर सांडपाण्यावर जैविक प्रक्रिया करून वायुनिर्मिती शक्य होते. अशी सोय नसलेले केंद्र मात्र प्रदूषण एका जागी साठवण्याचेच काम करते. त्यामुळे प्रक्रिया यंत्राचा प्रकल्प अहवाल टाकाऊ पदार्थांच्या व्यवस्थेशिवाय अपूर्णच मानला पाहिजे.

कामगार आणि छोटा दुकानदार

यांत्रिकीकरणाचा मानवी पैलू दुहेरी आहे. ज्या केंद्रांत कोठा हाताने काढला जातो, तेथे कामगार ओल्या व थंड जागी उभा राहून तीच हालचाल दिवसभरात हजारो वेळा करतो. मनगट व खांद्याचे विकार, सुरीच्या जखमा व त्वचारोग हे या कामाचे ज्ञात परिणाम आहेत. हे काम यंत्राने केल्यास कामगाराची त्या कष्टांतून सुटका होते. परंतु यंत्राचा वेग वाढला की टांगणे व तुकडे करणे या उरलेल्या हातकामाचा वेगही वाढवावा लागतो. अमेरिकेत २०१४ मध्ये नवी कुक्कुट तपासणी व्यवस्था आणताना साखळीचा वेग मिनिटाला १७५ पक्षी करण्याचा प्रस्ताव होता; आक्षेपांनंतर अंतिम नियमात तो १४० वर ठेवण्यात आला. १४० पक्षी म्हणजे एका पक्ष्याला अर्ध्या सेकंदाहूनही कमी वेळ. यंत्राचा वेग ठरवताना अभियांत्रिकीबरोबर तपासनिसाच्या डोळ्यांचा आणि कामगाराच्या हातांचाही विचार करावा लागतो, हे या उदाहरणावरून दिसते.

दुसरा प्रश्न छोट्या दुकानदाराचा. देशभरातील अगणित कुटुंबे या किरकोळ व्यवसायावर जगतात. दुकानात पक्षी कापण्यास बंदी आणून पर्यायी व्यवस्था न दिल्यास व्यवसाय थांबत नाही, तो आडोशाला जातो आणि अधिक अस्वच्छ होतो. दुकानदाराला कापणारा न ठेवता विकणारा म्हणून टिकवणे, म्हणजे त्याला जवळच्या केंद्रातून तपासलेले व थंड केलेले मांस रास्त दराने मिळेल आणि शीतकपाटासाठी सुलभ कर्ज मिळेल अशी व्यवस्था करणे, हा अधिक व्यवहार्य मार्ग ठरतो.

पुढील दिशा

वरील विवेचनावरून असे दिसते की भारतासाठी एकच एक प्रमाण योग्य ठरणार नाही. महानगरे व निर्यात यांसाठी पूर्ण स्वयंचलित केंद्रे. जिल्ह्याच्या ठिकाणी ताशी काही शेकडा ते दोन हजार पक्ष्यांची अर्धस्वयंचलित केंद्रे, ज्यांत पिसे काढणे व थंड करणे यंत्राने आणि कोठा काढणे प्रशिक्षित हातांनी होईल. आणि लहान गावांत गरम पाण्याची लहान टाकी, पिसे काढणारे छोटे यंत्र, स्टेनलेस स्टीलचा ओटा व वाहते पाणी असलेले सामाईक कापणी केंद्र, अशी तीन पातळ्यांची रचना अधिक वास्तववादी ठरेल. गावरान व परसातील पक्ष्यांचा प्रश्न तिसऱ्या पातळीवरच सुटू शकेल.

अर्थसाहाय्याच्या बाबतीत २०२० मध्ये घोषित झालेला १५,००० कोटी रुपयांचा पशुसंवर्धन पायाभूत सुविधा विकास निधी उल्लेखनीय आहे. त्यात मांसप्रक्रियेचा समावेश करून व्याजात ३ टक्के सवलत देण्यात आली आणि शेतकरी उत्पादक संस्थांनाही पात्र ठरवण्यात आले. २०२४ मध्ये दुग्धप्रक्रिया निधीशी सांगड घालून २९,६१० कोटी रुपयांच्या तरतुदीसह २०२५-२६ पर्यंत त्याला मुदतवाढ मिळाली. इज्जतनगर येथील केंद्रीय पक्षी संशोधन संस्था व हैदराबाद येथील राष्ट्रीय मांस संशोधन संस्था यांचे ज्ञान जिल्हा पातळीवरील लहान यंत्रांच्या रचनेत व कामगारांच्या प्रशिक्षणात उतरणे, ही या निधीच्या सदुपयोगाची पूर्वअट मानता येईल.

निर्यातीच्या दृष्टीनेही हा विषय महत्त्वाचा आहे. २०२३ मध्ये जागतिक पशुआरोग्य संघटनेने महाराष्ट्र, तामिळनाडू, उत्तर प्रदेश व छत्तीसगड या राज्यांतील २६ कुक्कुट संकुले बर्ड फ्लूमुक्त असल्याची भारताची घोषणा मान्य केली. रोगमुक्त शेडमधून आलेला पक्षी तितक्याच विश्वासार्ह केंद्रात साफ झाला, तरच या मान्यतेचा पूर्ण लाभ घेता येईल.

यंत्र हे साधन आहे. स्वच्छ व सुरक्षित मांस, प्राण्याला कमीत कमी वेदना, कामगाराचे आरोग्य आणि निर्मळ परिसर ही साध्ये आहेत. यंत्राची निवड या चार कसोट्यांवर झाली, तर उत्पादनातील प्रगती आणि प्रक्रियेतील मागासलेपणा यांमधील दरी भरून निघेल. हे मूल्यमापन करताना ताशी किती पक्षी साफ झाले, एवढाच आकडा पुरेसा नाही. त्यांपैकी किती तपासले गेले, किती पाणी शुद्ध होऊन बाहेर पडले आणि किती जुन्या दुकानदारांना नव्या व्यवस्थेत स्थान मिळाले, हे आकडेही त्याच्या शेजारी मांडले गेले पाहिजेत.